अस्वल लंगडत होतं, ते माझ्यामुळे

दसरू, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, घरी बायकोलासुद्धा नाही. मशीनमध्ये जागा होती. तुझ्या अस्वलाची चारही पावलं त्यात बसत होती. मशीनला ती झेपणार नाहीत म्हणून मी तुला सांगितलं, ते खोटं होतं.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत माणूस गेला, असं म्हणून लोक मान हलवतात आणि मग तुझं कौतुक सुरू करतात. शोकसभेत मीही केलं. खाली बसलो तेव्हा हेडमास्तर हळूच म्हणाले, "रामटेके सर, अगदी मनातलं बोललात." मनातलं तेवढं बाजूला ठेवूनच बोललो होतो. बोलणं मला जमत नाही. "तुमच्या तोंडाले कुलूप आहे, गुरुजी, अन चावी माजरीच्या खाणीत पडली," असं तूच म्हणायचास. म्हणून लिहितो आहे.

मी माजरीचा, खाणकामगाराचा मुलगा, धानोऱ्याच्या आश्रमशाळेत गणित शिकवायला आलेला. तू इथल्याच जंगलातल्या गावचा, कार्यानुभवाचा मास्तर. पोरांना बांबूच्या टोपल्या आणि चटया विणायला शिकवायचास, वर चित्रकलेचे तासही तुझ्याच गळ्यात. पहिल्या आठवड्यात तू मला "जयभीम, गुरुजी" म्हणालास आणि मी तुला "जोहार". आपापला नमस्कार आपण असा एकमेकांना देऊन टाकला, आणि पुढची दहा वर्षं कोणी परत मागितला नाही.

मग शाळेत कॉम्प्युटर आला. सोबत रंगीत टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला एक कॅसेटचा टेप. हेडमास्तरांनी हार घातला, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी उडेल म्हणून घाईघाईनं प्लास्टिकही झाकलं. नागपूरला पंधरा दिवस शिकून आलेला मी एकटाच, त्यामुळे खोलीची किल्ली माझ्याकडे. सहा महिने पोरांनी ते मशीन दारातूनच पाहिलं. बिघडलं तर काय, ही माझी भीती. आणि मग जिल्ह्याहून पत्र आलं: मार्चअखेर साहेब पाहायला येतील. जंगलातली मुलं मशीन वापरताना दिसली तर ते राहील, नाहीतर शहरातल्या शाळेत जाईल, तिथं कामाला तरी येईल. आणखी एक अट होती. जे दाखवाल ते स्वस्तातल्या, कमी दमाच्या मशीनवर आणि काळ्यापांढऱ्या टीव्हीवर चाललं पाहिजे, कारण पुढे इतर आश्रमशाळांना द्यायचं झालं तर तसंच परवडणार होतं.

मी म्हणालो, पाढ्यांचा प्रोग्राम करतो. तू बांबू सोलत होतास, मान वर न करता म्हणालास, "पाढ्यानं त पोट्टे अजून पळतीन. खेळ द्या ना त्यायले. मोह वेचाचा खेळ. येते मंग अस्वल."

मोहाच्या दिवसांत पहाटे बायापोरी फुलं वेचायला जातात आणि तीच फुलं खायला अस्वलही येतं, हे मला धानोऱ्यात येऊन कळलेलं. खेळ सुचला तो तुला. करणार मी.

ते मशीन आपल्याला हवी ती चित्रं काढायला फक्त बत्तीस चौकोनी तुकडे देत होतं. ते जोडून बाई करा, झाड करा, अस्वल करा. आलेखाच्या कागदावर घरं काळी करून मी तुला समजावत होतो, आणि तू अर्ध्यातच मला थांबवलंस. "हे त चटईच आहे, गुरुजी. एक पट्टी वर, एक खाली." माझ्या पंधरा दिवसांच्या शिक्षणाला तुला पाच मिनिटं लागली.

पण पहिला खेळ मी तुला न विचारता माझ्या मनानं रंगवला. घनदाट जंगल. झाडावर हिरवी पानं, जमिनीवर पालापाचोळा. पानांवरच मी आठ तुकडे खर्चले. हिरवा, पिवळा, तपकिरी. खोली पहिल्यांदा उघडली, पोरं दाटीवाटीनं आत आली आणि मी अभिमानानं विचारलं, "सांगा, झाड कोणतं?"

कोणाला सांगता येईना. मीच सांगितलं, मोह. अशी हसली रे ती!

"मोह फुलते तवा झाडाले पान राह्यते का, सर?"

"अन ही बाई फुल तोडून राह्यली! मोह कोणी तोडते का? थो आपल्या मनानं पडते, आपण वेचाचा!"

शिवाय बाई हलत नव्हती. एक पाऊल टाकायची आणि थबकायची, कारण ती जिथून पुढे गेली तिथली पानं मशीनला दर वेळी पुन्हा काढावी लागत. सहावीतली मैनी म्हणाली, "सर, बाई चिखलात फसली."

त्या दुपारी फळ्यावर मी तुझ्यासाठी तीन शब्द लिहिले: चित्र, वेग, पैसा. म्हणालो, यातले दोनच मिळतात. जंगल चांगलं दिसायला हवं तर बाई रांगेल. दोन्ही हवं तर महागडं मशीन मागवा. स्वस्तात हवं तर मग काठ्यांची माणसं काढा. मोठ्या शहरांत, परदेशांत खेळ करणारे लोकही याच तिढ्यात असतात, असं नागपूरला ऐकलेलं मी ठोकून दिलं. तू ते तिन्ही शब्द मोठ्यानं वाचलेस. मग म्हणालास, "रयवारी घरी या."

रविवारी सायकलवर तुझ्या गावाला आलो. तू मला घरात न नेता सरळ तुमच्या मोहाखाली नेलंस. सुकरीबाई, तुझी बायको, झाडाखाली झाडत होती. पाला एका बाजूला ओढून तिनं तो पेटवून दिलेला, आणि झाडाखालची सगळी जमीन काळीभोर, स्वच्छ. वर एकही पान नाही. मी म्हणालो, हे काऊन करता?

सुकरीबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात मी सात सत्ते किती म्हणणाऱ्याकडे पाहतो. "फुल दिसाले पाह्यजे ना, सर. पाल्यात पडलं त काय शोधत बसाचं?"

तू खिशातून एक वाळलेलं मोहफूल काढलंस, त्या काळ्या जमिनीवर टाकलंस आणि मला दहा पावलं मागं नेलंस. दिसत होतं. तिथूनही लख्ख दिसत होतं.

"तुमी पडदा झाडला नाई, गुरुजी," तू म्हणालास.

मी सायकल अशी दामटली की धानोऱ्यापर्यंत मागं पाहिलं नाही. तू कॅरियरवर बसून ओरडत होतास, "हळू ना बाप्पा, अस्वल नाई लागलं मांगं!" कुलूप उघडलं आणि मी सगळी पानं पुसून टाकली. झाड उघडं केलं. जमीन काळी. काळ्यावर पुन्हा काही काढावं लागत नव्हतं, म्हणून बाई धावायला लागली. काळ्यावर पांढरं फूल, म्हणून रंगीत टीव्हीची गरजच उरली नाही. आणि चित्र? चित्र तर आत्ता खरं झालं होतं. चित्र, वेग, पैसा, तिन्ही. एका झाडूनं. आपण दोघं त्या कोंदट खोलीत असे ओरडलो की वसतिगृहाचा स्वयंपाकी पळी घेऊन धावत आला, त्याला वाटलं साप निघाला.

माझ्या सगळ्या आयुष्यात मी तितका आनंदी फार वेळा झालेलो नाही. आणि पुढचं सगळं त्याच्या दुसऱ्याच दिवशी झालं.

पानांचे आठ तुकडे आता मोकळे होते. तू सकाळीच कागद घेऊन आलास. अस्वलाची आधी दोनच पावलं होती, म्हणजे चालीची दोनच चित्रं, एकेका पावलाला चार तुकडे. तू आणखी दोन पावलं काढून आणली होतीस. बरोबर आठ. "दोन पावलात अस्वल चालत नाई, गुरुजी, ढकलल्यावानी वाटते," असं म्हणालास आणि शाळेच्या वऱ्हांड्यात हातापायांवर उतरलास. पुढचे पंजे आत वळवलेले, मागचा भाग डोलतो आहे, मान खाली, नाकातून फुस्स फुस्स. पोरं भिंतीला चिकटून किंचाळत होती. हेडमास्तर दारात आले, चष्मा सावरला आणि विचारलं, "मडावी सर, हे कार्यानुभवात येते का?" तू तसाच चार पायांवर वळून म्हणालास, "येते ना सर. अनुभव आहे."

"शहरातल्या पोट्ट्यायले दोन पावलं चालतीन," नंतर तू मला म्हणालास. "आमच्या पोट्ट्यायनं अस्वल पाह्यलं आहे. त्यायले फसवता येत नाई."

आणि मी तुला फसवलं.

आदल्या रात्रीच मी त्या आठ तुकड्यांत माझं नाव काढलं होतं. वामन रामटेके सर. मशीनला आपली अक्षरं येत नव्हती, एकेक अक्षर चौकोनात कोरावं लागे. म दोनदा येतो म्हणून एक तुकडा वाचला, नाहीतर नाव बसलंच नसतं. खेळ सुरू होण्याआधी काळ्या पडद्यावर नाव येणार. 'सर' सुद्धा ठेवलं, दसरू. त्या दोन अक्षरांचं मी काहीतरी करू शकलो असतो.

बाबा पगाराच्या कागदावर अंगठा लावायचे. शाळेत माझं नाव घातलं त्या दिवशी त्यांनी ते मास्तरांकडून तीनदा वाचून घेतलं होतं. आमच्या घराण्यातलं नाव पडद्यावर उजेडात यावं, साहेबानं ते वाचावं, असं मला वाटलं. यात काही पाप आहे असं मी आजही म्हणणार नाही. पाप पुढचं आहे. तू कागद पुढे केलास आणि मी फळ्यावरचे तेच तीन शब्द तुझ्याविरुद्ध वापरले. म्हणालो, "आणखी दोन पावलं टाकली तर मशीन पुन्हा रांगायला लागेल. साहेबाची अट मोडेल. मग मशीनच जाईल."

तू मशीनशी कधी वाद घालायचा नाहीस, माझ्याशीच घालायचास. कागदाची घडी केलीस. "मंग राहू द्या. पोट्ट्यायले मशीन पाह्यजे. अस्वल लंगडलं त लंगडू द्या."

साहेबांच्या दिवशी वीज होती, हे पहिलं आश्चर्य. काळापांढरा टीव्ही हेडमास्तरांच्या घरून आणलेला. कॅसेट किरकिरायला लागली, पोरं तोंडानं तसाच आवाज काढत होती, आणि पडद्यावर माझं नाव आलं. साहेबांनी मोठ्यानं वाचलं. टाळ्या झाल्या. मी तुझ्याकडे पाहिलं. तू दाराशी उभा होतास आणि पडद्याकडे पाहताना तुझी बोटं हळूच हलत होती, चटईच्या पट्ट्या मोजताना हलतात तशी. मग माझ्याकडे पाहून म्हणालास, "अक्षर सुंदर आलं, गुरुजी."

तू मोजलं होतंस का? हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायला दोन वर्षं होती.

मैनी खेळायला बसली. बाई सपासप वेचत होती, आकडा वाढत होता, साहेब खुर्चीत पुढे सरकले. मग अस्वल आलं आणि मागून कोणीतरी ओरडलं, "सर, हे लंगडून राह्यलं!"

सगळे हसले. साहेबही हसले आणि मला विचारलं, "का हो, हे असं का चालतं?" खरं सांगायची तीच वेळ होती. मी प्लगशी काहीतरी करतोय असं दाखवत वाकलो.

तू म्हणालास, "साहेब, फासात पाय अडकला होता त्याचा. निसटलं, पण पाय कामातून गेला."

त्या पोरांना फास ठाऊक होता, त्यात अडकलेलं जनावर कसं ओरडतं तेही. मैनीनं बाईला थांबवलं. मग दोन पावलं मागं घेतली. अस्वल लंगडत आलं आणि झाडाखालची फुलं खाऊ लागलं, आणि तिचा आकडा उतरायला लागला. आकडा उतरणं मी प्रोग्राममध्ये घातलं होतं, अस्वलासाठी फुलं सोडणं नव्हतं. अस्वल आलं की पळायचं, एवढाच माझा खेळ.

"अगं मुली, नंबर कमी होतोय तुझा," साहेब म्हणाले.

"होऊ द्या," मैनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "त्याले दुसऱ्या झाडापर्यंत जाता येत नाई ना."

साहेब खुर्चीतून उठले. मग म्हणाले, मशीन इथून हलणार नाही. या कॅसेटच्या प्रती काढा, बाकीच्या शाळांना पाठवू.

तो दिवस आठवला की मला आजही उभं राहावंसं वाटतं! पोरांनी तुला उचललं. माझ्या गळ्यात कोणीतरी तोच मशीनवरचा वाळका हार टाकला. वसतिगृहात गोड शिरा झाला. तू मधोमध बसून पुन्हा अस्वल झालास आणि या वेळी लंगडलास, आणि पोरं आपल्या ताटलीतला शिरा तुला भरवत होती. आपण जिंकलो होतो, दसरू. शहरातल्या शाळेकडे निघालेलं मशीन जंगलातल्या सहावीच्या मुलीनं अडवलं होतं, तुझ्या एका वाक्याच्या जोरावर.

पुढे कॅसेट कुठेकुठे गेली. जिवतीच्या डोंगरावरच्या एका मास्तरांनी पत्र लिहिलं: आमची मुलं अस्वलासाठी फुलं सोडतात, अस्वल लंगडं करण्याची आपली कल्पना अप्रतिम आहे. पत्र माझ्या नावानं होतं, कारण नाव माझंच होतं. मी उत्तर लिहिलं: आभारी आहे. पाच-सहा पत्रं आली. प्रत्येकाचा मी आभारी होतो.

आपला एक वाद राहूनच गेला. तू म्हणायचास, आकडाच काढून टाका, जंगलात कोण आकडा पाहते? मी म्हणायचो, आकडा नसेल तर जिंकलं कोण ते कसं कळणार? "ज्याले कळाचं त्याले कळते," असं म्हणून तू बांबू सोलायला लागायचास.

तुझ्या मातीला आलो होतो. सगळे पांगल्यावर सुकरीबाई माझ्यापाशी आली. म्हणाली, "सर, त्यायनं सांगतलं होतं, आपलं नाव मशीनीत आहे म्हणून. एक डाव पोरायले दाखवसान का?"

मी मान हलवली, हो म्हणून. तिथंही खोटंच.

तू तिला असं का सांगितलंस, मला कळत नाही. अस्वल म्हणजेच तुझं नाव, असं तुला म्हणायचं होतं, की मला तिच्यासमोर लहान करायचं नव्हतं?

शाळेत परतलो आणि दार लावून मी माझं नाव पुसलं. तुझा तो कागद वह्यांच्या कपाटात निघाला, घडी तशीच. पावलं मोजून टाकली. चारही. मशीन तसूभर धीमं झालं नाही. अस्वल चाललं, दसरू! पंजे आत वळवून, मागचा भाग डोलवत, अगदी तू वऱ्हांड्यात चालला होतास तसं. मी एकटाच पाहत बसलो आणि रडलो.

दुसऱ्या दिवशी पोरांना दाखवलं. मैनी आता आठवीत आहे. ती म्हणाली, "हे आपलं अस्वल नाई, सर. हे कोणाचंही आहे." धाकटे तर भांडायलाच उठले: आमचं लंगडं कुठी गेलं? याले काऊन फुलं ठेवाची, हे त धडधाकट आहे!

तेव्हा जे मी तुझ्याकडून चोरलं, ते परत ठेवायलाही जागा उरलेली नाही. तू त्या चोरीचं असं काही करून ठेवलंस की आता ती पोरांची झाली आहे. मी अस्वल पुन्हा लंगडं केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हरल्याचं दुःख होत नाही, असं हरणं मी पहिल्यांदा पाहिलं.

आठ तुकडे पुन्हा मोकळे झाले. त्यांत मी दसरू मडावी असं काढलं आहे. 'सर' बसत होतं, पण तुला ते आवडलं नसतं. येत्या रविवारी सुकरीबाई मुलांना घेऊन येणार आहे. नाव पाहील, खूश होईल, आणि मला वाटेल की झालं.

झालं नाही. हे नाव इथं कालपरवापासून आहे, दोन वर्षं नव्हतं, आणि ते कोणाच्या नावापायी नव्हतं, हे तिला आणि पोरांना माझ्या तोंडानं सांगायचं देणं मी अजून लागतो.